वाड्याच्या पायात कोण?

मित्रांनो, प्रश्न दिसायला साधा आहे. जुन्या वाड्यांच्या, गडकोटांच्या आणि गोऱ्या साहेबाच्या काळाच्या गोष्टी सांगणारी पुस्तकं आपण वाचावीत की नाही? आणि वाचली, वाचताना रमलो, एखाद्या पानावर डोळ्यांत पाणी आलं, तर ती आपल्या बापजाद्यांशी फितुरी ठरते काय?

शहापूर-मुरबाडकडे एखाद्या विहारात पोरांनी वाचनालय काढलं की पहिल्या महिन्यातच हा प्रश्न उभा राहतो. पुस्तकं येतात कुठून? कुणी मास्तर बदली होऊन जाताना देतो, कुणी कल्याणच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणतो. गठ्ठा सोडला की बाबासाहेबांची दोन-चार निघतात आणि बाकी सगळ्या जाडजूड कादंबऱ्या. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा', 'तुंबाडचे खोत'. पोरं त्यांच्यावर तुटून पडतात. मग कार्यकर्त्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, हा प्रस्थापितांचा कचरा आहे, चुलीत घाला. दुसरा म्हणतो, अरे बाबा, साहित्य ते साहित्य, त्यात जात कशाला आणतोस? दोघंही तावातावानं भांडतात आणि पोरं कोपऱ्यात बसून वाचतच राहतात.

माझं म्हणणं, दोघांनीही प्रश्न अर्धाच बघितलाय.

आधी चुलीत घालणाऱ्याशी बोलू. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळली, त्याचा दाखला तो देतो. दाखला बरोबर आहे, पण तो इथं लागू होत नाही. मनुस्मृती माणसाला हुकूम करत होती. कुणी कुठं राहावं, काय नेसावं, कुणी शिकू नये, कुणाच्या कानात काय ओतावं, असले हुकूम धर्माच्या नावानं पाळले जात होते. ती जाळणं हे न्यायाचं काम होतं. कादंबरी हुकूम करत नाही. ती विसरते, आणि वाचणाऱ्यालाही गोडीगुलाबीनं विसरायला लावते. हुकमाला जाळ हे उत्तर झालं. विसरण्याला जाळ हे उत्तर कसं होईल? राखेत आठवण सापडत नसते. आणि बाबासाहेबांचं म्हणाल, तर त्या माणसानं राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ १९४६ साली लिहिला तो वेद-पुराणं टाळून नव्हे, ती पानोपान उलटून. शत्रूचं पुस्तक त्यांनी शत्रूपेक्षा बारकाईनं वाचलं.

आता साहित्य-ते-साहित्य म्हणणारा. त्याला मी एवढंच विचारतो : कादंबरीतल्या वाड्यात तू शिरलास तो कुणाच्या खांद्यावर बसून? कारण असा वाचक नसतो जो रिकामाच आत जातो. आपलं पोर आत जातं ते धाकट्या मालकाच्या खांद्यावर बसून. ते ओसरीवर बसतं, झोपाळ्यावर झुलतं, देवघरातल्या समईचा वास घेतं. ज्या जोत्याला शिवायची त्याच्या आज्याला बंदी होती, त्याच जोत्यावर ते पाय पसरून बसतं, आणि चारशे पानं त्याला ही गोष्ट आठवत नाही. त्याला होणारा आनंद खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो उसना आहे. उसन्यावर व्याज चढतं हे शहापूर-मुरबाडच्या माणसाला मी काय सांगावं! आषाढात मणभर भात खावटीला आणलं की खळ्यावर दीड मण मोजून द्यावं लागे. पुस्तकातलं व्याज असं खळ्यावर दिसत नाही. ते हळूहळू चढतं. एक दिवस पोराला आपल्या घराची लाज वाटायला लागते, आणि ज्या घरानं ती लाज त्याच्या आज्याच्या गळ्यात बांधली त्या घराची ओढ वाटायला लागते.

म्हणून एकेक पुस्तक नीट धरून बघितलं पाहिजे. तीन जातीची पुस्तकं आहेत आणि तिघांचं मागणं वेगवेगळं आहे. वाड्याचं पुस्तक आपल्याकडे आसू मागतं. गडाचं पुस्तक अभिमान मागतं. साहेबाचं पुस्तक कृतज्ञता मागतं. द्यायचं की नाही, आणि द्यायचं तर किती, हा आपला सवाल आहे.

वाड्यापासून सुरुवात करू. १८५५ साली पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' पत्रात तो छापून आला. त्या पोरीनं लिहून ठेवलंय की आम्हाला आमच्या जागेवरून हाकून लावलं आणि तिथं मोठमोठ्या इमारती उठवल्या, आणि आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून त्या इमारतींच्या पायात पुरलं. वाड्याबद्दल आपल्या बाजूनं लिहिलेलं हे पहिल्या पानांपैकी एक पान. मराठीत वाड्याच्या चिऱ्यांचं, सागवानी खांबांचं, दिंडीदरवाजाचं वर्णन हजार ठिकाणी सापडेल. पायातल्या माणसाचं वर्णन करायला मांगाची चौदा वर्षांची पोर लागली.

पुढे वाडा पडतो. ही या पुस्तकांची आवडती गोष्ट. पिढ्या जातात, भिंतींना ओल येते, भाऊ भांडतात, जमीन जाते, वैभव उतरतं. वाचक हळहळतो. अरे, पण वाडा पडला कशानं? काळानं पडला असं पुस्तक म्हणतं. काळाला तारखा असतात. १९५० साली परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली. १९५२ साली इनामं गेली. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवलं. १९५८ च्या कायद्यानं महारवतन संपलं, १९६२ च्या कायद्यानं पाटीलकी वतन संपलं. यातलं महारवतन म्हणजे कसलं वतन? तुकडाभर जमीन आणि भाकरीचे तुकडे, त्याच्या बदल्यात साऱ्या गावाची आणि सरकारची रात्रंदिवस चाकरी. ते मोडायला बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. खोती मोडायला १९३७ साली दुसरं बिल आणलं, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा कौन्सिलवर नेला. तेव्हा कादंबरीत ज्याला वाड्याचं पडणं म्हणतात, त्याला आपल्याकडे सुटणं म्हणतात. एकच घटना, दोन नावं. पडण्यावर रडायचं असेल तर आधी सुटणाऱ्याचं तोंडही त्या पानावर दिसू द्या.

मग आसू द्यायचेच नाहीत काय? इथं मी आपल्या कडव्या मित्रांपासून वेगळा होतो. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ सालचं. विदर्भातल्या देशपांड्यांचा वाडा, बाप मेलेला, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर. त्या घरात प्रभा नावाची मुलगी आहे. तिला शिकायचं होतं. शिकू दिलं नाही, आणि ती वाड्यातच सडत बसली. तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आलं तर ती फितुरी आहे? मी म्हणतो, बिलकुल नाही. वाड्यानं आपल्याला बाहेर ठेवलं आणि स्वतःच्या बायकांना आत कोंडलं. एकाच कुलपाच्या या दोन बाजू आहेत. बाबासाहेब १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारून बाहेर पडले. त्या राजीनाम्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होतं, आणि ते बिल या प्रभांसाठीही होतं. बुद्धाच्या वाटेवर प्रज्ञा, शील, करुणा सांगितलीय. करुणा जात विचारून वाटायची नसते. मात्र करुणेच्या पाण्यानं हिशेबाची वही पुसायचीही नसते. प्रभासाठी रडा, आणि त्या वाड्याची भाकर कुणाच्या घामावर भाजली हे त्याच दमात विचारा. दोन्ही एकदम करणं अवघड आहे. म्हणूनच ते कार्यकर्त्याचं काम.

आणि हे दुखणं मराठीचंच आहे असं समजू नका. अमेरिकेत १९३६ साली 'गॉन विथ द विंड' नावाची कादंबरी आली. काळे गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांचं वैभव यादवी युद्धात कसं लयाला गेलं, त्याचे उसासे. लाखोंनी खपली, सिनेमा निघाला, जगभर लोक रडले. त्याच गुलामीतून पळालेल्या आईची गोष्ट टोनी मॉरिसन या काळ्या लेखिकेनं 'बिलव्हेड'मध्ये १९८७ साली लिहिली. एकाच देशातली ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की पहिल्यात काय दडवलं होतं ते उघडं पडतं. काळ्या पँथरांवरून आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतलं, ते उगाच नव्हे.

आता गड. आसनगाव स्टेशनावर उतरलं की माहुलीचे सुळके समोर उभे. १६३६ साली शहाजीराजे या गडावर वेढ्यात सापडले, शेवटी गड सोडावा लागला आणि निजामशाही बुडाली. पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेला, १६७० साली परत स्वराज्यात आला. कादंबरीवाल्याला ही मेजवानीच. घोडे, खलबतं, रात्रीच्या चढाया, दगाबाजी. वाचताना आपल्याही दंडाला फुरफुरी येते, का येऊ नये?

पण गड म्हणजे नुसता राजा आणि सरदार नव्हे. गडाखाली घेरा असे, घेऱ्यात मेटं असत, आणि त्या मेटांवर, माच्यांवर रात्र-रात्र जागणारे कोळी, रामोशी, महार, मांग असत. किल्लेदाराच्या झोपेची हमी त्यांच्या जागरणावर. माहुलीवर, गोरखगडावर, सिद्धगडावर पाण्याची टाकी आहेत, अख्ख्या कातळात खोदलेली. उन्हाळ्यात ट्रेकवाली पोरं तिथं बाटल्या भरतात. ती टाकी कुणी खोदली? एक छिन्नी-हातोडा घेतलेला हात एकाही कादंबरीच्या मुखपृष्ठावर मी पाहिलेला नाही. तिथं कायम उधळलेला घोडा. विलायतेत वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या साहसकथेत पहिल्याच प्रकरणात गळ्यात धातूचं कडं असलेला डुकरं राखणारा गुलाम येतो, कड्यावर मालकाचं नाव. स्कॉट तर राजनिष्ठ सरदारी वृत्तीचा माणूस. त्यालाही ते कडं दिसलं. आपल्याकडे पेशवाईच्या कादंबऱ्यांत शनिवारवाड्याचे दिवे भरपूर लागतात. गळ्यातलं गाडगं आणि कमरेचा झाडू बघायचा तर १९३६ सालचं बाबासाहेबांचं 'जातिनिर्मूलन' उघडावं लागतं.

म्हणजे धाडसाची गोष्टच वाईट का? मुळीच नाही. जोतीरावांनी १८६९ साली शिवाजीराजाचा पोवाडा रचला तो कुळवाड्याचा राजा म्हणून. तोच राजा, तेच गड, पण बघणारा डोळा शेतात उभा राहिलेला. अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली 'फकिरा' लिहिली आणि बाबासाहेबांना अर्पण केली. त्यात घोडा आहे, तलवार आहे, छापा आहे, गाणाऱ्याला हवं ते सगळं आहे. पण फकिरा लुटतो ते उपाशी वस्तीच्या तोंडात घास घालायला. अभिमान द्यायला आपण कंजूष नाही. फक्त ज्या धाडसानं कुणाचं तरी पोट भरलं किंवा कुणाची तरी मान ताठ झाली, त्याला तो द्यावा. नुसत्या उधळलेल्या घोड्याला देऊ नये.

तिसरा साहेब. हा आपल्याला जास्त अडचणीत टाकतो, कारण साहेबाबद्दल आपल्या मनात खरंच काही ओलावा आहे. त्याच्या पलटणीत आपले लोक शिपाई झाले, काही अक्षरं शिकले. पण त्याच साहेबानं १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद केली आणि गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावे लागले. तेव्हा कृतज्ञताही मोजून द्यावी.

साहेबाच्या काळावरची पुस्तकं म्हणतात, १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं माथेरानचा शोध लावला. शोध! त्या डोंगरात ठाकूर होते, कातकरी होते, धनगर होते. हरवला होता तो साहेब. मग बंगले, घोडे, चहा आणि सूर्यास्त. रेल्वे १८६१ साली आपल्या कसाऱ्यापर्यंत आली, १८६५ साली थळघाट चढून इगतपुरीला गेली. बोरघाटाच्या कंत्राटदाराचं नाव ट्रेडवेल, तो मेल्यावर काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसबाईनं, पुरं करवलं, हे पुस्तकात मिळतं. मिळावं, बाई हिमतीची होती. त्या घाटांत पटकीनं आणि सुरुंगानं मेलेल्या मजुरांची नावं मात्र मिळत नाहीत. १८९२ साली शहापूर तालुक्यात तानसा धरण झालं. मुंबईच्या साहेबाच्या नळाला त्याचं पाणी गेलं. पुढे वैतरणा झालं, भातसा झालं. साहेब गेला, नळ राहिला, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात आजही टँकरची वाट बघतात. साहेबाचा काळ संपला असं पुस्तक म्हणतं तेव्हा पाड्यावरच्या बाईला विचारून बघा.

त्याच माथेरानात, बंगल्यांच्या मागच्या बाजूला, १९१२ साली एका न्हाव्याच्या घरात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मला. वकील झाला, सावकाराविरुद्ध शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहिला. ४२ च्या चळवळीत 'आझाद दस्ता' काढून विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. गड आहे, धाडस आहे, साहेब आहे, जंगल आहे. कादंबरीला आणखी काय लागतं? माथेरानचा सूर्यास्त ज्यांनी पुस्तकांत पोचवला त्यांच्यातल्या कितीजणांना न्हाव्याच्या पोराचं हे मरण दिसलं?

आता मूळ प्रश्न. कुठलंही पुस्तक सगळ्यांची नावं घेऊ शकत नाही. मग एखादं पुस्तक अन्याय करतंय हे ठरवायचं कसं? याचं माप आपल्याच डोंगरात दगडावर कोरलेलं आहे. मुरबाडहून वर जाणारा नाणेघाट. घाटमाथ्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा लेख आहे. राणीनं, राजानं कुठले यज्ञ केले, किती गायी, घोडे, हत्ती, गावं, नाणी दक्षिणा दिली, त्याची यादी. घाटातून जाणाऱ्या बैलवाल्याचं, ओझेवाल्याचं, लेणं खोदणाऱ्याचं नाव त्यात वाचायला मिळत नाही. तोच घाट चढून पलीकडे जुन्नरला जा, तिथल्या बौद्ध लेण्यांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणी दगडावर नोंदल्यात. कार्ल्याला जा, दरवाजा देणाऱ्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलंय. काळ थोड्याफार फरकानं तोच, दगड तोच, छिन्नी तीच. म्हणजे त्या काळी अशी रीत नव्हती ही सबब चालत नाही. यज्ञाच्या यादीत सुतार बसत नव्हता, संघाच्या भिंतीवर बसत होता. राजाचं नाव लिहिलं म्हणून पुस्तक वाईट होत नाही. सुताराला जागाच नाही अशी भिंत ज्यानं बांधली, ते पुस्तक अन्यायी.

पण मित्रांनो, हे माप हातात घेतलं की ते आपल्याकडेही वळतं. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, मग 'उपरा' आलं, बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' आलं. गावकुसाबाहेरच्या माणसानं स्वतःचं नाव स्वतः कोरलं. फार मोठं काम झालं. आता शहापूर-मुरबाडकडे बघा. गावकुसाबाहेर आपली वस्ती, आणि आपल्या वस्तीच्याही पलीकडे, ओढ्याकडेला, कातकरवाडी. खैराचा कात काढणारी ही जमात. १८७८ च्या जंगल कायद्यानं जंगलच हातातून काढून घेतलं. मग कोळशाच्या भट्ट्या, मग वीटभट्ट्या. पावसाळ्यात शेठ उचल देतो, दिवाळीनंतर अख्खं कुटुंब भट्टीवर, आणि हिशेब कधी फिटत नाही. वेठबिगारीबंदीचा कायदा १९७६ सालचा. आपल्या गोष्टींत, आपल्या कवितांत हा कातकरी येतो कसा? दारू पिणारा, उंदीर धरणारा, एका ओळीत येऊन जाणारा. पूर्वी चावडीवर वेठीचं बोलावणं घेऊन त्याच्या झोपडीपुढे कोण उभं राहायचं? ती सांगावा नेण्याची कामं आपल्याच वतनात होती. आपण मर्जीनं केली नाहीत हे खरं, पण त्याच्या आठवणीत दारात उभा राहिलेला माणूस आपला आहे. कोपऱ्यात बसून कादंबरी वाचणारी कातकऱ्याची एखादी पोर उद्या आपलं आत्मकथन उघडेल आणि विचारेल, मी कुठं आहे? तेव्हा आपण काळाची सबब सांगणार काय?

गोदावरी परुळेकरांनी तलासरी-उंबरगावच्या वारल्यांच्या लढ्यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली लिहिलं. लग्नाच्या कर्जापायी जन्मभर राबणारा लग्नगडी त्यात माणूस म्हणून उभा आहे. जातीनं त्या त्यांच्यातल्या नव्हत्या. दुसऱ्याचं नाव आपल्या पुस्तकात नीट लिहिता येतं, हे त्यातून सिद्ध झालं. ते त्यांना जमलं तर आपल्याला जमायलाच हवं.

तेव्हा माझं सांगणं असं. गठ्ठ्यातली एकही कादंबरी चुलीत घालू नका. पोरांच्या हातून ओढून घेऊ नका, पोर वाचतंय ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण आठवड्यातून एक रात्र विहारात बसा आणि एक प्रकरण मोठ्यानं वाचा. म्हाताऱ्या बायांना पुढे बसवा. वाड्याचं वर्णन आलं की त्यांना विचारा, आये, या वाड्यात शेणगोठा कोण करायचं? गडाचं आलं की विचारा, वर लाकूडफाटा कोण न्यायचं? सांगतील ते पेनानं पुस्तकाच्या कोऱ्या कडेला लिहा. नाव सांगितलं तर नाव लिहा, नसेल तर काम लिहा. कातकरवाडीतल्या चार जणांनाही बोलवा, आणि त्यांना सतरंजीच्या कडेला बसवू नका. त्यांनी आपल्याबद्दल काही कडू सांगितलं तर तेही त्याच कडेला, त्याच पेनानं लिहा.

अशी कडा भरलेली दहा पुस्तकं झाली की पुढची पोरं कुठली ओळ आधी वाचतील ते बघू.